दीड लाखात भरवशाची गाडी

“दीड लाखात चांगली गाडी येईल का? आणि येत असेल तर कोणती घेऊ?” उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडची कॉलेजातली मुलं-मुली हे दोन प्रश्न जोडीनेच विचारतात. पहिल्याचं उत्तर ‘येईल’ असं आहे. दुसरा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. नव्या गाडीत कंपनी आणि मॉडेल पाहायचं असतं. दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीत मात्र आधीच्या मालकाने तिला कसं ठेवलं, हेच मुख्य असतं. एकाच महिन्यात कारखान्यातून निघालेल्या दोन वॅगनआर घ्या. एकीचं ऑइल वेळच्या वेळी बदललं गेलं. दुसरी एका जुलैत दारापर्यंत पाण्यात उभी राहिली. आज जाहिरातीतल्या फोटोत दोघी सारख्याच चकचकीत दिसतील, भावही जवळपास तोच सांगितला जाईल. म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग गाडीचा इतिहास कसा शोधायचा यावर आहे. मॉडेलचं बोलणं मधे येईल, पण थोडक्यात.

१. गाडी नक्की कशासाठी?

बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ ६०, उल्हासनगर ५८. मुंबईत किंवा ठाण्यात शिकायला जाणाऱ्याने विद्यार्थी सवलतीचा पास सोडून रोज गाडी काढायची म्हटली, तर पैसा आणि वेळ दोन्ही जातील. लोकलला कितीही गर्दी असली तरी हा हिशेब बदलत नाही.

लोकल जिथे जात नाही तिथे गाडी उपयोगाची ठरते. काटई-बदलापूर रस्त्याने डोंबिवली किंवा शिळफाट्याकडे, मुरबाडच्या बाजूला, एमआयडीसीत रात्रपाळीची अर्धवेळ नोकरी असेल तिथे, किंवा घरात आजारी माणूस असेल आणि त्याला वारंवार दवाखान्यात न्यावं लागत असेल तर. एका गाडीत घरातल्या तिघांची कामं होणार असतील, तर खर्चही तिघांत वाटून घ्यावा आणि तो आधीच बोलून ठरवावा.

महिन्याचा अंदाज असा काढा. ५०० किलोमीटर धावणारी छोटी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर साधारण ३१ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर सव्वातीन हजार रुपये. तेवढंच अंतर सीएनजीवर, किलोला २२ किलोमीटर आणि ८० रुपये भाव धरून, अठराशेच्या आसपास पडतं. त्यात देखभालीसाठी दरमहा हजार रुपये मिळवा. हा आकडा झेपत नसेल तर गाडी स्वस्तात मिळूनही ती दारात उभीच राहील.

२. बाजारात खराब गाड्याच जास्त का दिसतात?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे ज्या कामासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यात हा निबंध मुख्य होता. त्यातला विचार आपल्याला इथे थेट उपयोगी पडतो.

समजा बाजारात दहा गाड्या आहेत, पाच चांगल्या आणि पाच खराब. मालकाला आपली गाडी कशी आहे हे ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाही. चांगल्या गाडीचा मालक १ लाख ६० हजारांच्या खाली उतरत नाही. खराब गाडीचा मालक ९० हजारांतही खूश आहे. गिऱ्हाइकाच्या लेखी चांगल्या गाडीची किंमत १ लाख ८० हजार आणि खराब गाडीची १ लाख. समोरची गाडी कोणत्या प्रकारची हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो सरासरी काढून १ लाख ४० हजार देऊ करतो. या भावात चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही. तो गाडी भावाला देतो, नाहीतर घरीच ठेवतो. खराब गाडीचा मालक मात्र लगेच चावी काढून देतो. उरतात त्या पाच खराब गाड्या.

विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, ही दरी सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. ती जिथे कमी, तिथे चांगली गाडी मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिला शोध ओळखीत घ्या. सोसायटीतले काका मोठी गाडी घेतायत, मामांच्या कंपनीतल्या साहेबांची बदली झाली, कॉलेजातले सर निवृत्त होऊन गावी चाललेत, अशा ठिकाणी विकण्याचं कारण खरं आहे की नाही हे तपासता येतं. गाडी रोज कुठे उभी असायची, कोण चालवायचं, हेही चार जणांना विचारता येतं. अशी गाडी बाजारभावापेक्षा दहा हजारांनी महाग पडली तरी मी ती घ्यावी असं सांगेन.

ओळखीत काही निघालं नाही, तर मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी दाखवा. हा मेकॅनिक तुम्ही निवडलेला हवा. विकणाऱ्याने सुचवलेला नको आणि विकणाऱ्याच्या गॅरेजातलाही नको. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत, त्या पैशांनी वरची दरी थोडी बुजते. तीन गाड्या त्याने नापास केल्या तरी त्याच्यावर चिडू नका.

३. दीड लाख म्हणजे एक लाख दहा हजार

हाताशी दीड लाख असतील तर दीड लाखाची गाडी पाहायची नाही. वाटणी साधारण अशी करा. गाडीला १ लाख १० हजार. गाडी नावावर करणं आणि विमा यांना ८ हजार. टायर आणि बॅटरी बदलावी लागली तर १८ हजार. पहिल्या सर्व्हिसला ७ हजार. आणि ७ हजार हातचे राखून. बेरीज दीड लाखच होते.

विम्याचा आकडा पाहू. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात, तो कायद्याने सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला त्याचा वर्षाचा हप्ता २,०९४ रुपये होता आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६. कर त्यावर वेगळा. म्हणजे ९९८ सीसीची गाडी आणि ११९७ सीसीची गाडी यांत दर वर्षी तेराशेहून अधिक रुपयांचा फरक इथेच पडतो.

४. मॉडेल कोणतं?

या पैशांत साधारणपणे मारुतीची अल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट किंवा रिट्झ, ह्युंदाईची सँट्रो झिंग आणि आय-टेन या गाड्या समोर येतात. यांतली कोणतीही सुस्थितीत असेल तर चालेल. भाग कल्याणपासून बदलापूरपर्यंत सहज मिळतात आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचा त्यांवर हात बसलेला असतो. मॉडेल निवडताना नवशिक्याने याला सर्वांत जास्त महत्त्व द्यावं.

याच पैशांत कधी कधी मोठी, आकर्षक गाडी मिळते. शेवरोलेची बीट, फोर्डची फिगो, फियाटची पुंटो. शेवरोले विकणाऱ्या जनरल मोटर्सने भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या वाईट होत्या असं नाही. पण आरसा फुटला आणि तो मिळवायला दोन आठवडे लागले, तर विद्यार्थ्याला ते परवडत नाही. स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट समजून घ्या. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि व्हॉल्व्ह उघड-झाप करतात. दोघांचा मेळ बसवणारा एक पट्टा किंवा साखळी असते. जुन्या ७९६ सीसी अल्टोत आणि सँट्रो झिंगमध्ये रबराचा पट्टा आहे, टायमिंग बेल्ट. अल्टो के-टेन आणि २०१० नंतरच्या वॅगनआरमधल्या के-सिरीज इंजिनात साखळी आहे. साखळी सहसा इंजिनाच्या आयुष्याला पुरते. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तो तुटला तर इंजिन जागेवर बंद पडतं आणि आतलं नुकसान मोठं होऊ शकतं. पट्टा असलेली गाडी टाळा असं नाही, फक्त तो शेवटचा कधी बदलला हे विचारा आणि बिल मागा.

सीएनजी हवा असेल तर कंपनीतूनच बसवून आलेलं किट पाहा. बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं नोंदलेलं हवं आणि विम्यातही ते दिसलं पाहिजे. सिलिंडरची दाब-तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. तिची तारीख असलेली पट्टी गाडीवर लावलेली असते. ती नसेल किंवा मुदत उलटली असेल तर खर्च आणि जोखीम दोन्ही तुमच्या वाट्याला येतील.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कमी पैशांत गाडी घेणारे फारसं बोलत नाहीत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, भारतातल्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. या किमतीतल्या गाड्या त्याआधीच्या, म्हणजे बहुतेकींत दोन्ही नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे पहिले निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो, पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार मिळाले. एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकारात एबीएस आणि एअरबॅग मिळत असेल, तर म्युझिक सिस्टीम आणि मॅग व्हील सोडून ती गाडी घ्या. पाच-दहा हजारांचा फरक असेल तरीही.

५. पाणी

आपल्या भागात गाडी पाहताना हा भाग सोडून चालणार नाही. उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणकडे येते. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणला उल्हासला मिळते. २६ जुलै २००५ च्या पुरात या पट्ट्याने काय पाहिलं ते घराघरांत माहीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. देशभर बातमी रेल्वेची झाली. त्याच पाण्याने बदलापुरात नदीकाठच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत इमारतींखाली उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं.

पाण्याने गाडीचं नेमकं काय बिघडतं? दोन वेगळ्या गोष्टी होतात. पहिली इंजिनात. इंजिन हवा आत ओढून तिला दाबतं. औषधाच्या सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून पाहा. आत हवा असेल तर दट्ट्या बराच आत जातो. पाणी भरून तेच करा, दट्ट्या हलत नाही. बुडालेल्या गाडीला मालकाने घाबरून स्टार्टर मारला, की इंजिनात हेच होतं. पिस्टन पाणी दाबू पाहतो, पाणी दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा वाकतो. दांडा थोडासाच वाकला असेल तर इंजिन चालू होतं, वर्षभर चालतंही आणि मग एक दिवस आवाज करायला लागतं.

दुसरी गोष्ट विजेच्या वायरींची. ती इंजिनापेक्षा जास्त छळते. पाणी ओसरतं, सीट वाळतात, पण जोडण्यांच्या आत गेलेली ओल आणि गाळ तांबं हळूहळू खात राहतात. सहा महिन्यांनी काच वर जाईनाशी होते, मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो, मग पावसात गाडी अधूनमधून बंद पडते. मेकॅनिकला दोष सापडत नाही, कारण तो एका जागी नसतोच.

बुडालेली गाडी आपल्याच गावात विकली जात नाही. शेजाऱ्यांनी ती पाण्यात पाहिलेली असते, म्हणून ती दूरच्या गावी विकायला जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. म्हणून एमएच-०८ रत्नागिरी, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली या नंबरांच्या गाड्या पाहताना त्या महिन्यांत गाडी कुठे होती हे स्पष्ट विचारा. तिकडची प्रत्येक गाडी बुडालेली असते असं अजिबात नाही. आणि आपला एमएच-०५ नंबर आहे म्हणून गाडी कोरडी राहिली, असंही धरू नका.

बुडालेली गाडी ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. लागतो मोबाइलचा टॉर्च, एक पांढरा रुमाल आणि अर्धा तास.

चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा वापरातला भाग धुतलेला असतो, आत गुंडाळून राहिलेला शेवटचा हातभर पट्टा सहसा कुणी धूत नाही. तो रुमालाने घट्ट पुसा. रुमालावर तपकिरी गाळ आला किंवा पट्ट्यावर डागाची आडवी रेघ दिसली, की पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही कळतं. मग सीट पुढे सरकवून तिच्या रुळांवर आणि बोल्टांवर टॉर्च मारा. सीट जिथे बसवलेली असते तिथे पावसाचं पाणी सहसा जात नाही, तिथे दाट गंज दिसला तर संशय घ्या. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खड्ड्याच्या कडांना बोट लावा, वाळलेला बारीक गाळ तिथे वर्षानुवर्षं टिकतो. पायाखालचं कार्पेट एका कोपऱ्यात उचलून वास घ्या. गाडीत सुगंधी डब्या जरा जास्तच असतील तर हे नक्की करा. फ्यूज बॉक्स उघडून एखादा फ्यूज बाहेर काढा. त्याच्या पायांवर हिरवट थर असेल तर आत पाणी गेलं होतं.

कागदांतही पाण्याची खूण सापडते आणि ती कमी लोकांना माहीत असते. गाडीला संपूर्ण विमा असेल तर पॉलिसीवर एनसीबी लिहिलेला असतो. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सवलत. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम केला की सहसा पुन्हा शून्य. आता समजा मालकाकडे गाडी सात वर्षं आहे, विमा कधी खंडित झालेला नाही आणि तरी पॉलिसीवर एनसीबी २५ टक्केच आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी क्लेम झाला. कधी आणि कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर ‘बंपर घासला होता’ असं असेल आणि क्लेमचा महिना जुलै निघाला, तर वर्कशॉपचं बिल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मधे विमा खंडित झाला असेल तरही ही सवलत जाते, म्हणून आधीच्या दोन-तीन पॉलिसीही मागा.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसान झालेली धरते. अशा गाड्या पुढे भंगार म्हणून विकल्या जातात. त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात आणि आरसीवर त्याची कसलीही नोंद दिसत नाही. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर विमा क्षेत्राने नुकसान झालेल्या गाड्यांचे क्रमांक सामान्य खरेदीदाराला तपासता येतील अशी सोय केली. आपल्याकडे अशी यादी सगळ्यांना खुली व्हायला हवी. तोपर्यंत रुमाल आणि टॉर्च.

६. गाडी समोर असताना

गाडी पाहायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा, “शेठ, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” थंड इंजिन खरं बोलतं. गेल्यावर बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर मालकाने आधीच गाडी फिरवून आणली आहे. मग चहा पिऊन दोन तासांनी या किंवा दुसऱ्या दिवशी या.

सुरू करताना सायलेन्सरकडे एक मित्र उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, हे मोठं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, हे बहुतेक वेळा कमी खर्चात सुटतं. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ साहजिक आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. गाडी बंद असताना ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. तिथे दुधाळ, चिकट थर साचला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीत कधीही उघडू नका, चेहरा भाजतो.

मीटर मागे फिरवणं सोपं आहे, म्हणून मीटरवरच्या आकड्याची गाडीशी पडताळणी करा. १० वर्षांची गाडी ३८,००० किलोमीटर दाखवते, पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची कड चकाकतेय आणि चालकाच्या सीटची बाहेरची बाजू दबलीय, हे जुळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर दोनदा बदलले गेले असतील तर ३८,००० हा आकडा सोडून द्या. शक्य असेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मालकाला सोबत नेऊन गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढा. प्रत्येक नोंदीवर त्या दिवसाचं किलोमीटर असतं.

अपघाताची खूण दारावर शोधू नका. दार बदलता येतं, ओरखडे सगळ्याच गाड्यांना असतात. बॉनेट उघडून पुढच्या आडव्या पट्टीकडे आणि चाकांवरच्या पत्र्याकडे पाहा. कारखान्यातले गोल वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. तिथे वेडंवाकडं वेल्डिंग किंवा जाड सीलंट दिसलं, तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर ते खोलले गेलेत. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का असावा. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा.

चालवून पाहताना फक्त गल्लीत फेरी मारून परत येऊ नका. उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते का पाहा. नेवाळीच्या बाजूच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर काच खाली करून सस्पेन्शनचा आवाज ऐका. आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला खेचते का ते बघा. उल्हासनगर-अंबरनाथच्या संध्याकाळच्या गर्दीत वीस मिनिटं चालवली की क्लच आणि रेडिएटरचा पंखा दोन्हींची परीक्षा होते. तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकत राहिला तर गाडी तिथेच परत करा.

७. कागद

आरसीवरची नोंदणीची तारीख आधी वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ऑगस्ट २०१३ मध्ये नोंदलेल्या गाडीची मुदत ऑगस्ट २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपायला वर्षच उरलं असेल, तर हा खर्च किमतीतून वजा करून मागा.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा पडताळा. न भरलेली ई-चलनं किती आहेत तेही पाहा. आरसीवर एखाद्या बँकेचं नाव असेल तर कर्जाचा बोजा अजून उतरवलेला नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीवर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का ते बघा.

दिल्लीच्या नंबरची गाडी इथे आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त मिळते, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण परराज्यातली गाडी महाराष्ट्रात नोंदवायला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो किमतीत मिळवला की स्वस्ताई उरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ विक्रेते मूळ मालकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात आणि गाडी नावावर न करता हातोहात विकतात. “नावावर नंतर करू, आत्ता काय घाई आहे,” असं तुम्हाला सांगितलं जाईल. घाई आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात गाडी विकल्यावर ती एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. हा निकाल विकणाऱ्यालाही दाखवा. गाडी लगेच तुमच्या नावावर होणं त्याच्याही हिताचं आहे, हे त्याला पटेल.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं होतं. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. तो विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. एनसीबी गाडीसोबत येत नाही, ती जुन्या मालकाकडेच राहते, त्यामुळे फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकृत होण्याची तरतूद आहे. अधिकृत विक्रेता गाडी ताब्यात घेतो तेव्हा तशी नोंद परिवहन विभागाकडे करतो आणि ती विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी त्याची असते. विक्रेत्याला त्याचं प्रमाणपत्र विचारा. नसेल तर व्यवहार मूळ मालकाला समोर बसवून करा आणि पैसे बँकेतून त्याच्याच खात्यात भरा. रक्कम मोठी असेल तर काही हजार रुपये हस्तांतराची पावती हातात येईपर्यंत रोखून ठेवायचं आधीच लेखी ठरवा.

८. पहिला महिना

गाडी घरी आली की स्टिकर, सीट कव्हर, स्पीकर यांना हात लावू नका. आधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. जुन्या मालकाने ‘गेल्याच महिन्यात केलं’ असं सांगितलं आणि बिल नसेल, तरी बदला. ब्रेक पॅड खोलून पाहा. टायरचं रबर बाजूने तडकलं असेल तर नक्षी शिल्लक असली तरी पुढचे दोन आधी नवे घ्या. आणि टायमिंग बेल्टचं इंजिन असेल, मालकाला तो बदलल्याची तारीखही सांगता आली नाही, तर पट्टा बदललेलाच नाही असं धरा आणि त्याच आठवड्यात गाडी मेकॅनिककडे न्या.